धाकट्यांची सरासरी

माझ्या नावापुढे आज जी एक जादा पदवी लागते, ती मी एका भांडणापायी मिळवली. लोक बढतीसाठी शिकतात, काही जण हौसेनं शिकतात. मी चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झालो तो दादाला खोटं पाडायला.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. बुलढाण्याहून देऊळघाटला जाताना गावाच्या अलीकडे आमचा मळा आहे. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात मेथी. आम्ही दोघं पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलो. दादा वयानं मोठा, पण शाळेत आमची नावं एकाच दिवशी पडली. असं का, हे विचारायची बुद्धी मला कधी झाली नाही, आणि तिथूनच पुढचा सगळा घोळ आहे.

तिसरीत दादा एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवायचा. मी सतराच्या पाढ्यात सतरा चोकपाशी जो अडकायचो, तो थेट मधल्या सुट्टीच्या घंटेला मोकळा व्हायचो. गुरुजी म्हणायचे, "एकाच माउलीचे दोघं, पन डोकं एकाचंच भरलं वाटते." घरी पाहुणे आले की बाबा ओळख करून द्यायचे, "हा मोठा, लई हुशार हाय. अन् हा लहाना." यापुढे पाहुणे वाट पाहायचे, मीही पाहायचो. पण वाक्य तेवढंच होतं.

दहावी झाली. दादा तालुक्यात वरचे गुण घेऊन पास आणि मी नुसताच पास. बाबांनी सगळ्यांसमोर निर्णय दिला, "मळा सांभाळायले डोकं लागते. मोठा इथं राहीन. लहान्याले मास्तरकीले टाका." माझी शिक्षक म्हणून निवड झाली ती अशी. हुशार पोरगा वांग्यात गेला आणि ढ पोरगा पुढच्या पिढ्या घडवायला निघाला.

पुढे मी शिक्षक झालो, लग्न झालं, लेकरं झाली, तरी घरातला निकाल बदलला नाही. माझ्या हातून काही बिघडलं की दादा आवाज न चढवता म्हणायचा, "लहाना हाय तो." आणि माझ्या हातून बिघडत नाही असं फारसं काही नसतंच. हिवरा आश्रमला नात्यातलं लग्न होतं, तर मी वेगळ्याच हिवऱ्याला गेलो, तिथं मांडव दिसला म्हणून आहेर दिला, पंगतीला बसलो, जिलेबी दोनदा मागितली आणि नवरदेवाला जवळून पाहिल्यावर उठलो. दादाला कळलं तेव्हा तो मिरचीची रोपं लावत होता. मान वर न करता म्हणाला, "लहाना हाय तो." त्या दिवशी मी मनात ठरवलं की एक दिवस हे वाक्य पुराव्यानिशी पाडायचं.

एम.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा प्रबंधाच्या विषयांची यादी समोर आली. बाकीच्यांनी गळती, गृहपाठ, शालेय पोषण आहार असले घरगुती विषय उचलले. माझं बोट एका ओळीवर थांबलं. प्रथम अपत्य व नंतरची अपत्ये यांच्या बुद्धिमत्तेचा तुलनात्मक अभ्यास. मी म्हटलं, हाच. थोरला असला म्हणून कोणी जास्त हुशार नसतो, हे मी शिक्का मारून घरी नेणार.

माझे मार्गदर्शक सर निवृत्तीला टेकलेले. त्यांना माझा आतला हेतू ठाऊक नव्हता. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं, "दोन गटांच्या सरासऱ्या काढल्या की फरक दिसणारच. तो दिसला म्हणून नाचायचं नाही. गटाच्या आत पोरापोरात जो चढउतार असतो, त्याच्या मानानं तो फरक एवढा मोठा आहे का, की योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही, हे पाहायचं. टी-परीक्षण म्हणजे एवढंच."

मी ते आपल्या भाषेत आणून पाहिलं. एका वाफ्यातलं वांगं सरासरीनं दोन बोटं मोठं भरलं, पण त्याच वाफ्यात एक लिंबाएवढं आणि एक नारळाएवढं असेल, तर त्या दोन बोटांचं काय घेऊन बसलात? मात्र सगळी वांगी जवळपास एकसारखी असूनही दोन बोटांचा फरक राहिला, तर मग त्या वाफ्याच्या मातीत काहीतरी आहे. सरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "सुरुवात करताना धरून चालायचं की फरक नाहीच. याला शून्य परिकल्पना म्हणतात."

मी खुर्चीतून अर्धा उठलोच. चाळीस वर्षांत माझ्या बाजूनं कोणी काही धरून चालण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग मी पोरं गोळा केली. माझी शाळा पिंपळगाव राजाच्या बाजूला. ती, आणि शेजारच्या दोन. सहावी-सातवीची दीडशेच्या आसपास पोरं, अर्धी घरातली पहिली, अर्धी नंतरची. साठ प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणी, पस्तीस मिनिटं. पहिल्याच शाळेत पुढच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली.

"सर, याचे मार्क कुठं धरतेत?"

"कुठंच नाही."

"मंग काऊन सोडवाचं?"

मी म्हणालो, "विज्ञानासाठी." ती मागच्या मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "विज्ञानाचा पेपर हाय बे," आणि सगळ्या वर्गानं विज्ञानाची वही दप्तरात लपवली.

चाचणीचे गुण म्हणजे बुद्ध्यांक नव्हे. गुण आणि पोराचं वय घेऊन एक तक्ता पाहायचा, त्यातून बुद्ध्यांक निघतो. दोन पोरांना सारखेच गुण पडले, पण एक दहा वर्षांचं आणि दुसरं बारा वर्षांचं असेल, तर दहावाल्याचा बुद्ध्यांक जास्त. वय कुठून आणायचं? शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं, पोराचं नाव घालतानाच त्यात जन्मतारीख लिहितात. मी तीन शाळांची रजिस्टरं मांडीवर घेऊन दीडशे तारखा उतरवल्या. इतकं मन लावून मी आयुष्यात काही उतरवलं नव्हतं, दहावीत दादाच्या पेपरातूनसुद्धा.

मग बेरीज, वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ. सोबतीला कॅल्क्युलेटर. टीचं मूल्य आलं. पुस्तकामागच्या तक्त्यात पाहिलं. माझं मूल्य तक्त्यातल्या मूल्याहून मोठं. म्हणजे फरक योगायोगाचा नाही. आणि फरक कुणाच्या बाजूनं? थोरल्यांच्या.

मी पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्या वेळी धाकटे पुढे निघाले. मी बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत लक्षात आलं की मी दोन्ही रकाने उलटे घेतले होते. चौथ्या वेळी पुन्हा थोरले. चहा मी गार करून प्यालो.

सर म्हणाले, "अभिनंदन! शून्य परिकल्पना त्याज्य ठरली."

"सर, ती ठेवता नाही येणार का? निदान थोडीशी?"

"ती काय लोणचं आहे थोडंसं ठेवायला? पुरावा तिच्याविरुद्ध गेला. आता लिहायला घ्या."

बायकोनं फोनवर वहिनीला सहज सांगितलं. वहिनीनं मळ्यात सांगितलं. रविवारी मी गेलो तर दादा बाजेवर बसून माझीच वाट पाहत होता. शेजारचे दोघं-तिघं मुद्दाम बोलावलेले.

"या मास्तर! काय निघालं म्हने तुमच्या अभ्यासात?"

"अजून पक्कं नाही."

"चारदा करून पाह्यलं म्हने?"

बायको आकड्यांच्या बाबतीत फार प्रामाणिक आहे.  दादा शेजाऱ्यांकडे वळला. "मी इतके वर्ष नुसता म्हनत होतो. यानं दोन वर्ष तपश्चर्या करून ते कागदावर आनलं. अन् तरी लोक म्हनतात लहान्याचा उपयोग नाही!"

सगळे हसले. हसलो नसतो तर जास्त हसले असते, म्हणून मीही हसलो. परत येताना रस्ताभर माझा जीव जळत होता. निकाल बाबांच्या तोंडचा होता तोवर वाद घालता येत होता. आता तो माझ्याच अक्षरात होता.

नाइलाजानं प्रबंध टाइप करायला दिला. बुलढाण्यातली टायपिंगवाली बाई मोठी हुशार, कामाला एकदम पक्की. आठवड्यानं गेलो तर तिनं परिशिष्टाचं पान पुढे सरकवलं. त्यात सगळ्या पोरांच्या जन्मतारखा होत्या.

"सर, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

"या बाईले पाच महिन्यात दुसरं लेकरू झालं का?"

मी वाकून पाहिलं. दोन सख्खे भाऊ, बाप तोच, आई तीच. थोरल्याची तारीख जानेवारीतली, धाकट्याची त्याच सालच्या जूनमधली.

"टायपिंगची चूक असेल," मी म्हणालो.

"तुमचा हातचा कागद पाह्यला मी, तसंच हाय. अन् हे खाली पाहा, हे दुसरं घर. यांच्यात सात महिने हायेत."

"सातव्या महिन्यातलं असेल ते," मी प्रबंध वाचवायला धडपडलो. "होतात तशी लेकरं."

तिनं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सर, मले दोन हायेत."

यावर कोणतंही परीक्षण चालत नाही. मी पान घेऊन तडक शाळेत आलो आणि रजिस्टर उघडलं. तारखा बरोबर उतरल्या होत्या. आठ महिने, सहा महिने, एका घरात तर साडेचार. जिल्ह्यातल्या आयांनी वैद्यकशास्त्राला खाली पाहायला लावलं होतं. मग मी अक्षर पाहिलं. ढोबळ वेलांट्या, सातचा आकडा पोट पुढे काढलेला. ते अक्षर माझंच होतं.

आणि सगळं आठवलं. पहिलीचा वर्ग तेव्हा माझ्याकडे होता. जूनमध्ये नाव घालायला एक बाई यायची. थोरल्याचा हात हातात, धाकटा कडेवर. थोरल्याचं नाव लिहून झालं की कडेवरचा खाली उतरायचा.

"गुरुजी, याले बी घ्या ना लिहून. मोठ्याच्या संगं येईन, मोठ्याच्या संगं जाईन. मले वावरात जा लागते, याले घरी कोनापाशी ठेवू?"

"ताई, वय लहान आहे. सहा पुरे पाहिजेत."

"मंग करा ना पुरे. पेन तर तुमच्याच हातात हाय."

पटसंख्या मलाही हवी होती. मी पुरे करायचो. थोरल्याच्या तारखेच्या पुढे पाच-सहा महिने टाकायचे, की झाला धाकटा सहा वर्षांचा. दुसऱ्या दोन शाळांतले गुरुजीही काही वेगळे नव्हते. आता आधार कार्ड आणि जन्मदाखल्याशिवाय नाव पडत नाही. तेव्हा आईचं तोंड आणि मास्तरचं पेन पुरायचं.

हिशेब उघडा होता. धाकटी पोरं कागदावर वर्ष-दीड वर्षानं म्हातारी झाली होती. साडेदहा वर्षांच्या पोरानं साडेदहाच्या मानानं झकास पेपर सोडवला, तरी माझा तक्ता त्याला बारा वर्षांचा समजून बुद्ध्यांक खाली ओढत होता. थोरले बहुतेक खऱ्या वयाचे, म्हणून त्यांना तो त्रास नाही. थोरल्यांची हुशारी मी शोधली नव्हती. ती मीच सहा वर्षांपूर्वी निळ्या शाईनं लिहून ठेवली होती आणि मग मोठ्या कष्टानं शोधून काढली होती.

सरांना सांगितलं. त्यांनी परिशिष्टाचं पान परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "खरी वयं आणा."

"दीडशे?"

"शंभर आणून तुम्हाला आणखी कुठं अडकायचंय का?"

खरी वयं आणायची म्हणजे आयांना विचारायचं. उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. एक आई म्हणाली, "हा झाला तवा आम्ही तूर सोंगून राह्यलो होतो." तुरीची कापणी दरवर्षीच असते, साल कोणतं? "आमच्या बोअरले पानी लागलं त्याच साली." बोअरला पाणी कधी लागलं यावर ओट्यावरच्या चार माणसांत वाद सुरू झाला, तो बोअर मुळात कुणाचा यावर गेला, आणि मी उठलो तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दुसरीनं पोराला समोर उभं केलं आणि मलाच म्हणाली, "पाहा ना तुम्हीच. किती वर्षाचा वाटते?"

शेवटी तारलं ते अंगणवाडीच्या ताईंनी. लसीकरणाच्या नोंदींची त्यांची वही काढली, त्यात प्रत्येक लेकराची खरी तारीख. मी म्हणालो, "ताई, तुमची तारीख आणि आमची तारीख यांत दीड वर्ष फरक आहे." ताई वहीवरची धूळ पुसत म्हणाल्या, "आमच्याकडं खरी असते गुरुजी. तुमच्याकडं सरकारी."

एक रविवार मी मळ्यातल्या घरी हे सगळं वैतागून मायला सांगत होतो. माय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हटलं, काय एकेक आया असतात, लहान लेकरू मोठ्याच्या मागं बांधून शाळेत ढकलतात.

माय म्हणाली, "तुले तसंच टाकलं होतं."

"काय?"

"चार बी पुरे नव्हते तुले. दादा साडेसहाचा. तुले घरी ठेवलं तर तू विहिरीकडं पळे. मंग दादाच्या संगं लावून दिलं. तू शाळेत जाऊन झोपे. दादा तुही पाटी बी आने अन् तुले बी आने."

मी बोटांवर मोजायला लागलो. अडीच वर्षं. सतरा चोकपाशी जो अडकायचा, तो तिसरीतला ढ मुलगा सहा वर्षांचा होता. बाकावर शेजारी बसून एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणारा साडेआठ पार केलेला. दहावीला मी साडेतेरा वर्षांचा होतो! आणि पाहुण्यांसमोर ते वाक्य दरवेळी तिथंच तुटायचं, "अन् हा लहाना."

"माय, मग इतक्या वर्षांत बोलली काऊन नाही?"

"त्यात काय बोलायचं? सगळ्याच बाया तसं करत." ती पुढच्या शेंगेकडे वळली.

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय म्हणणार? तिच्या सांगण्यावरून ज्या गुरुजीनं पेन चालवलं त्याला मी ओळखत नव्हतो, त्याच्या जागी पुढे बसून पेन चालवणाऱ्याला मात्र चांगला ओळखत होतो.

खऱ्या वयांवर सगळं गणित पुन्हा मांडलं. थोरल्यांची सरासरी किंचित वर राहिली, पण टीचं मूल्य तक्त्यातल्या मूल्याच्या आत बसलं. शून्य परिकल्पना वाचली. मी धावत सरांकडे गेलो.

"सर, धाकटे थोरल्यांइतकेच हुशार!"

"तसं नाही म्हणता येत."

"मग थोरले जास्त हुशार?"

"तेही नाही म्हणता येत. 'सार्थ फरक आढळला नाही' एवढंच लिहायचं. फरक आढळला नाही म्हणजे फरक नाही, असं नव्हे."

"सर, मग दोन वर्षांत मी सिद्ध काय केलं?"

"की तुमच्याकडच्या माहितीतून काही सिद्ध होत नाही." ते पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. "हे प्रामाणिकपणे लिहिणारे फार थोडे असतात."

असलं कौतुक घरी नेऊन दाखवता येत नाही. तरी मी ठरवलं की दादापुढे हे बारीक भेद सांगायचे नाहीत. बांधून आलेला प्रबंध, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, पिशवीत घातला आणि मळ्यात गेलो.

दुपारचे तीन वाजले होते. दादा झाडाखाली वांगी निवडत होता, चांगली कॅरेटमध्ये, किडकी बाजूला. चारला पिकअप येणार होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. रजिस्टर, पाच महिन्यांचे भाऊ, अंगणवाडी, टीचं मूल्य. शेवटी आवाज चढवून मायनं सांगितलेलं. "चार वर्षांचा होतो मी दादा! अडीच वर्षांनी लहान! हे सगळं त्यानंच झालं!"

दादा वांगी निवडत राहिला. म्हणाला, "ते मले ठाऊकच होतं ना. मीच नेत होतो तुले. वढ्यापाशी खांद्यावर घ्या लागे."

"मग कोणाला सांगितलं काऊन नाही?"

त्यानं एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "मले सगळे हुशार म्हनत, ते बरं वाटे बे ऐकायले. मंग दहावीनंतर तेवढंच राह्यलं."

मी काही बोलायच्या आत त्यानं भरलेलं कॅरेट माझ्यासमोर ओढलं. "बरं, मले एक सांग. या कॅरेटातल्या वांग्याची सरासरी तू काढली. मंग त्यावरून माह्या हातातलं हे वांगं किती भरीन, हे सांगता येईन का तुले?"

"नाही."

"मंग तुह्या दीडशे पोरायच्या सरासरीवरून तुहं-माहं काय सांगून राह्यला? त्या दीडशेत आपण दोघं तर नाहीच."

हा मुद्दा माझ्या डोक्यात उतरवायला सरांना सहा महिने लागले होते. दादाला एक कॅरेट पुरलं. मी ज्याला खोटं पाडायला आलो होतो, तो समोर बसून स्वतःला खरं ठरवत होता, आणि तेही माझ्या बाजूनं बोलून.

"तो पेपर हाय का तुह्यापाशी?" त्यानं विचारलं. "दे. सोडवून तर पाहू, काय इचारता पोरायले."

पिशवीत उरलेल्या प्रती होत्या. मी एक दिली, पेन दिलं, मोबाइलवर घड्याळ लावलं. दादानं बोटं धोतराला पुसली, कॅरेट उलटं टाकून त्यावर कागद ठेवला. दहावीनंतर मी त्याला सहीखेरीज काही लिहिताना पाहिलं नव्हतं. सुरुवातीला तो पेन कुदळीसारखं धरून होता. मग हात सैल झाला. पहिलं पान त्यानं मी घड्याळ पाहायच्या आत उलटलं. खोटं का बोलू, तो अडकावा असं मला वाटत होतं. एकदा, फक्त एकदा, सतरा चोकसारखा.

आणि तो अडकला. दुसऱ्या पानाच्या मधे त्याचं पेन थांबलं. ओठ हलायला लागले, बोटांची पेरं मोजून झाली, पुन्हा मोजून झाली. दोन मिनिटं गेली. मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी भर दुपारी आतून गार वाटलं.

तेवढ्यात बांधावर पिकअपचा हॉर्न वाजला. दादानं कागदावर भराभर काहीतरी लिहिलं, तो माझ्याकडे टाकला आणि कॅरेट उचलून निघाला. मी मागून ओरडलो, "दादा, वेळ आहे अजून!"

"गाडी नाही थांबत," तो कॅरेट चढवत म्हणाला. "अन् तुहं ते अठ्ठाविसावं चुकलं हाय."

"चुकलं नाही, तुला आलं नाही म्हण."

"दोन, पाच, अकरा, तेवीस. दुप्पट अन् वर एक. मंग सत्तेचाळीस पाह्यजे ना? तिथं चौऱ्याहत्तर छापलं हाय. पुढं उत्तर कुठून येईन?"

मी कागद पाहिला. दोन, पाच, अकरा, तेवीस, चौऱ्याहत्तर. मूळ चाचणीची कॉलेजात एकच जुनी प्रत होती, म्हणून पोरांसाठीची प्रत मी शाळेच्या संगणकावर दोन बोटांनी स्वतः उतरवली होती. दीडशे पोरं या आकड्याशी झटली होती. जवळजवळ कोणालाच तो प्रश्न आला नव्हता, आणि मी शिफारशींच्या प्रकरणात लिहिलं होतं की ग्रामीण विद्यार्थी संख्यामालिकेत कच्चे आहेत, त्यांना जादा सराव द्यावा.

पण मी दोन वर्षं संख्याशास्त्र उगाच शिकलो नव्हतो. गाडीपर्यंत पळत गेलो.

"दादा, त्यानं काही बिघडत नाही! थोरल्यायचा बी एक गुण गेला, धाकट्यायचा बी गेला. दोन्ही सरासऱ्या सारख्याच खाली आल्या. फरक तेवढाच राह्यते. निष्कर्षाले धक्का नाही!"

दादानं शेवटचं कॅरेट आत ढकललं, फळी लावली, कडी सारली.

"तुह्या फरकाचं नाही म्हनत मी," तो म्हणाला. "ज्या पोराले ते येत होतं, ते घरी जाऊन काय म्हनलं असीन?"

तो ड्रायव्हरशेजारी चढला आणि गाडी बुलढाण्याकडे वळली. मी कागद पुन्हा उघडला. अठ्ठाविसाव्या प्रश्नातला माझा आकडा त्यानं एका रेघेनं खोडला होता, वर सत्तेचाळीस लिहून, पुढे पंच्याण्णववर खूण केली होती. त्याखालचे बत्तीस प्रश्न कोरे. मोबाइलवरचं घड्याळ बंद करायचं मला सुचलं नव्हतं. ते चालूच होतं.